टॉर्च कोणता घेऊ, विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. जिन्यात काकांचा पाय मुरगळला हे वाचून धस्स झालं. हाड शाबूत आहे हे पुढच्याच ओळीत लिहिलंस म्हणून जीव भांड्यात पडला. ‘मोबाईल हातातच होता, पण त्याचा लाईट शोधेपर्यंत पायरी चुकली’ हे काकांचं वाक्य तू लिहिलंस ना, ते दोन दिवस डोक्यातून गेलेलं नाही. कायम खिशात राहील असा एक चांगला टॉर्च सांग म्हणालास. एखादं नाव लिहून मोकळा झालो असतो, पण टॉर्च कुणाच्या खिशात जाणार यावर सगळं ठरतं. तुझ्यासाठी चांगला तो काकांसाठी चांगला असेलच असं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टॉर्च घेताना त्याचा जास्तीत जास्त उजेड किती हे सगळे बघतात. तू त्याचा कमीत कमी उजेड किती ते बघ.

हे मला एका रात्री कळलं. चार वर्षांपूर्वी मी हौसेनं हजार ल्युमेनचा टॉर्च घेतला होता. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. धाकटीला ताप होता. रात्री दोनच्या सुमारास थर्मामीटर बघायला उठलो, उशाचा टॉर्च घेऊन बटण दाबलं. आदल्या दिवशी तो पूर्ण उजेडावर बंद केला होता, आणि त्यात ‘मेमरी’ होती, म्हणजे जिथे बंद केला तिथूनच तो पुन्हा सुरू होणार. सगळी खोली पांढरीफटक झाली. पोरगी दचकून उठली, रडायला लागली, आणि मला पुढची काही मिनिटं थर्मामीटरवरचा आकडाच दिसेना. आपल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती मोडायला एक क्षण पुरतो. त्यानंतर मी जो छोटा टॉर्च घेतला, त्याचा सगळ्यात खालचा उजेड एक ल्युमेनहूनही कमी आहे. त्याला ‘मूनलाईट’ म्हणतात. थर्मामीटर वाचायला, पाण्याचा तांब्या शोधायला, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करायला तेवढा उजेड भरपूर होतो. रोज रात्री मी तोच वापरतो. हजार ल्युमेनचा टॉर्च कपाटात आहे.

आता खोक्यावरचे आकडे. ते खोटेच असतात असं नाही, पण कसे मोजलेत ते कळलं नाही तर फसगत होते. टॉर्च मोजण्याची एक ठरलेली पद्धत २००९ पासून आहे, तिला एफएल १ म्हणतात. तिच्यात ‘चालण्याचा वेळ’ मोजतात तो सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा. म्हणजे ‘१००० ल्युमेन, दोन तास’ असं वाचलंस तर दोन तास हजार ल्युमेन मिळतील असं समजू नकोस. तळहाताएवढ्या टॉर्चमध्ये एवढ्या उजेडाची उष्णता मावतच नाही. मिनिट-दोन मिनिटांत अंग तापतं आणि आतलं सर्किट स्वतःहून उजेड खाली आणतं. उरलेला बहुतेक वेळ तो दोन-तीनशे ल्युमेनवर चालत असतो. शिवाय आपल्या डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला खरा उजेड जवळजवळ चौपट लागतो. त्यामुळे पाचशेचा घेऊ की सातशेचा, या प्रश्नात रात्र घालवू नकोस.

झोत किती लांब जातो त्याचंही असंच आहे. तो ल्युमेनवर ठरत नाही, कँडेलावर ठरतो, म्हणजे झोताच्या मध्यावर उजेड किती एकवटलाय त्यावर. कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायची, की मीटरमधलं अंतर आलं. २५०० कँडेला म्हणजे १०० मीटर, १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण त्या शेवटच्या टोकाला जो उजेड पोचतो तो ०.२५ लक्स (लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका धरलेला असतो. तेवढ्यात काहीतरी उभं आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही. आणि काकांना शंभर मीटरवरचं काही बघायचंच नाहीये. त्यांना पुढच्या चार पायऱ्या बघायच्या आहेत. खोल, गुळगुळीत वाटीचा रिफ्लेक्टर असला की मधे एक झगझगीत ठिपका पडतो आणि भोवती फिका उजेड. जिन्यात तो ठिपका एका पायरीवर बसतो आणि बाकीच्या पायऱ्या आणखीच काळ्या वाटायला लागतात. त्यांच्यासाठी दाणेदार वाटीचा, किंवा वाटीऐवजी जाड प्लॅस्टिकची भिंगं असतात तसल्यातला पसरट झोताचा बघ. चार फुटांवरून भिंतीवर लावून पाहिला की लगेच कळतं.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला खूप महत्त्वाची वाटते, ती म्हणजे रंग. माझ्या आईच्या गोळ्यांची दोन पाकिटं आहेत, एक गुलाबी आणि एक नारिंगी. जुन्या निळसर टॉर्चखाली दोन्ही एकाच मातकट रंगाची दिसायची. एकदा चुकीचं पाकीट तिच्या हातात गेलंच होतं, नाव वाचलं म्हणून लक्षात आलं. रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा असतो, सीआरआय म्हणतात, जास्तीत जास्त १००. साध्या एलईडीचा सत्तरच्या आसपास असतो आणि त्यात लाल रंगाची बाजू सगळ्यात दुबळी असते. नव्वदच्या वरचा घेतलास तर त्याच वस्तू दिवसाउजेडी दिसतात तशा दिसतात. निचिया कंपनीचा ५१९ए हा एलईडी यासाठी नावाजलेला आहे. अशा एलईडीचा उजेड आकड्यांत थोडा कमी भरतो, भरू दे. घेण्यापूर्वी स्वतःचा तळहात त्याखाली धरून बघ. हात जिवंत, लालसर दिसला तर ठीक. राखाडी, आजारी दिसला तर ठेवून दे. उजेडाची छटा केल्विनमध्ये लिहिलेली असते, साडेसहा हजार म्हणजे निळसर पांढरा. मला चार-पाच हजारांच्या मधला आवडतो, रात्री डोळ्यांना टोचत नाही.

सेलचं नीट वाच, कारण चुकतं ते इथेच. बाबांचा जुना टॉर्च तुला आठवतोय का, पितळी रंगाचा? घरात सगळे त्याला ‘बॅटरी’च म्हणायचो. गेल्या वर्षी खणातून काढला तर बटण सरकेना. मागचं झाकण कसंबसं फिरवलं, आत स्प्रिंगवर पांढरी भुकटी साठली होती, आणि सेल नळीत इतका घट्ट फुगून बसला होता की ठोकूनही निघेना. साध्या अल्कलाईन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साईड पाझरतं, ते धातू खातं. व्हिनेगरचा बोळा फिरवून मी स्प्रिंग साफ केली, पण नळी गेली ती गेलीच. बाबांच्या हातातली वस्तू होती, फार वाईट वाटलं. तेव्हापासून अल्कलाईन सेल मी टॉर्चमध्ये ठेवून देत नाही.

काकांसाठी एका डबल-ए सेलवर, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात असतो तसल्या बोटाएवढ्या सेलवर चालणारा टॉर्च घे आणि त्यात रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राईड सेल घाल. तो १.२ व्होल्टचा असतो, एलईडीला तीनच्या आसपास लागतात, ते आतलं सर्किट वाढवून देतं. शंभर-दीडशे ल्युमेन आरामात मिळतात, जिन्याला ते पुष्कळ झाले. चार्ज फार काळ टिकून राहणारा प्रकार मिळतो, तोच आण. एक धोका मात्र ध्यानात ठेव. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब डबल-एसारखा असतो, पण पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. टॉर्च दोन्ही सेल चालवतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो घालू नकोस, सर्किट जळून जाईल.

तू स्वतः रात्री-अपरात्री शेडवर जातोस, तुला १८६५० नावाच्या मोठ्या लिथियम सेलचा चालेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि डबल-एच्या साधारण पाचपट ऊर्जा. पण पँटच्या खिशात तो जाणवतो. नाकापेक्षा मोती जड झाला की दोन आठवड्यांत घरी राहायला लागतो, माझा राहिला तसा. सेल बदलता येईल असाच घे. आत कायमचा बंद केलेला सेल दमला की अख्खा टॉर्च टाकावा लागतो. केबलने चार्ज होणारा असेल तर दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या केबलवर चार्ज होतो का ते तपासून घे. काही टॉर्चमध्ये दोन बारीक रेझिस्टर बसवलेलेच नसतात, मग ते फक्त जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवरच चार्ज होतात.

पाण्याचं फार डोक्यात घेऊ नकोस. पाण्यात किती टिकतो ते खोक्यावर ‘आयपीएक्स’ आणि एक आकडा असं लिहितात. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पावसाला तेवढं पुष्कळ झालं.

बटण मात्र काकांच्या हाताने ठरव. त्यांच्या बोटांना संधिवात आहे. लांब दाबून धरा, दोनदा टिचकी मारा, तीनदा मारा, असले प्रकार त्यांना नकोत. शेपटीकडे एकच मोठं बटण, दाबलं की लागला, दाबलं की बंद, आणि दर वेळी सुरुवात खालच्या उजेडापासून. उजेड बदलताना मधेच फडफडणारा स्ट्रोब लागत असेल तर तो टॉर्च नकोच, जिन्यात तोल जाईल. आणि तुझा जोरदार टॉर्च खिशात टाकताना मागचं झाकण पाव आटा सैल करत जा, बहुतेकांमध्ये तेवढ्याने वीज तुटते. खिशात चुकून लागलेल्या टॉर्चने माझ्या सदऱ्याला डाग पडलाय, कापड करपलं होतं.

या पत्राबरोबर माझा छोटा डबल-ए टॉर्च पाठवतोय, सेल भरलेला आहे. काकांना आठ दिवस सदऱ्याच्या वरच्या खिशात क्लिप लावून ठेवू दे. रात्री उठल्यावर अंगठा न चाचपडता बटणावर जातो का, आणि सर्वांत खालच्या उजेडात त्यांना पायरीची कड दिसते का, एवढं दोन्ही त्यांनाच विचार आणि मला कळव. दिसत नसेल तर एक पायरी वरचा उजेड असलेला दुसरा माझ्या नजरेत आहे. काकांना माझा नमस्कार सांग, वहिनींनाही. पाय सुजलेला असेपर्यंत त्यांना एकटं उतरू देऊ नका.

तुझाच