पाच सुरांचा बॉक्स जागचा हलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील गिटारवरच्या लेखात मेजर पेंटॅटॉनिक (पाश्चात्त्य संगीतातला पाच सुरांचा संच) म्हणजे भूप आणि मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे धानी, असे म्हटले आहे. सुरांपुरते ते बरोबर आहे. पण ज्याला भूप येतो त्याला जॅझचा सोलो (सुचेल तसे एकट्याने वाजवणे) वाजवता येईल, हा पुढचा निष्कर्ष शिकणाऱ्यांची वाट चुकवणारा आहे. इंदूरमधली गिटार शिकणारी बरीच मुले आधीच त्या वाटेवर आहेत. पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची पट्टी) ए मायनरचा बॉक्स, म्हणजे त्या पाच सुरांसाठी बोटांची एका जागची ठेवण, पाठ झालेला असतो आणि साथीच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कितीही बदलल्या तरी हात तिथून हलत नाही.

रागात षड्ज तानपुऱ्यावर पक्का असतो. जॅझमध्ये कॉर्ड बदलली की आधाराचा सूर बदलतो आणि त्याच पाच सुरांची नातीही बदलतात. मूर्च्छना, म्हणजे त्याच सुरांतला दुसरा सूर सा मानणे, शिकलेल्यांना हे सहज कळेल. भूपाच्या रिषभाला सा मानले की मधमाद सारंगाचे सूर मिळतात, गंधाराला मानले की मालकंसाचे, पंचमाला दुर्गाचे आणि धैवताला धानीचे. जॅझमध्ये सा बदलण्याचे काम बेस (खालच्या सुरांचे वाद्य) वाजवणारा करतो, एवढेच.

जॅझच्या जुन्या गाण्यांत जागोजागी भेटणारी कॉर्डची चाल घ्या: डी मायनर सेव्हन एक बार (चार मात्रांचे आवर्तन; ए, बी, सी ही पाश्चात्त्य स्वरनावे), जी सेव्हन एक बार, सी मेजर सेव्हन दोन बार. पहिलीवर ए मायनर पेंटॅटॉनिक पाचव्या फ्रेटवर, दुसरीवर बी फ्लॅट मायनर सहाव्यावर, तिसरीवर बी मायनर सातव्यावर. बोटांची ठेवण तिन्हीकडे एकच, बॉक्स फक्त एकेक फ्रेट वर सरकतो.

ऐकू मात्र तीन वेगळ्या गोष्टी येतात. डीला सा धरले तर पहिल्या बॉक्समधून सा, रे, म, प आणि कोमल नि मिळतात. गंधार नाही, म्हणून तो भाग मोकळा, अधांतरी वाटतो. जीच्या हिशेबाने दुसऱ्या बॉक्समध्ये कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नि येतात. सा नाही, पंचम नाही, सगळा ताणच ताण. आणि सीवर सातव्या फ्रेटचा बॉक्स म्हणजे नि, रे, ग, तीव्र म, ध. यमनचा आरोह सा आणि प टाळून घेतात तेच हे पाच सूर! यमन गळ्यात बसलेल्याला हा बॉक्स परका वाटणार नाही.

हे तीन तुकडे सांधण्याची जागा तिसऱ्या तारेवर (सर्वांत बारीक तार पहिली) आहे. सातवा फ्रेट डी, आठवा ई फ्लॅट, नववा ई. ई हा सी कॉर्डचा गंधार. जी सेव्हनचा बार संपताना आठव्यावर थांबा आणि सीच्या पहिल्या मात्रेला नववा वाजवा. ताण तिथे सुटतो. असे उतरले नाही तर ऐकणाऱ्याला दुसरा बॉक्स चुकून लागल्यासारखा वाटतो.

बहुतेकांचे बिनसते ते साथीत. बी फ्लॅटच्या बॉक्समधला ई फ्लॅट साथीच्या शुद्ध ईवर आदळतो. म्हणून साथीदाराने जी सेव्हन अशी धरावी: सहाव्या तारेवर फ्रेट ३, चौथीवर ३, तिसरीवर ४, दुसरीवर ४, बाकीच्या तारा बंद. दुसऱ्या तारेवर सवयीने ५ धरले की तो शुद्ध ई आलाच आणि सोलो बेसूर वाटू लागतो. दोष वाजवणाऱ्याच्या माथी येतो, चूक मात्र साथीची असते.

ए मायनरच्या बॉक्समध्ये चतुर्थांची (सा ते म एवढ्या अंतराची) उडीही हाताशी आहे. पाचव्या फ्रेटवर सहाव्या तारेपासून तिसरीपर्यंत ए, डी, जी, सी असे सूर ओळीने मिळतात. १९६० ते १९६५ या काळात जॅझचे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीत पियानो वाजवणाऱ्या मॅकॉय टायनर यांच्या वादनात चतुर्थ आणि पेंटॅटॉनिक यांची अशीच सांगड दिसते. गिटारवर मात्र बोट सपाट ठेवले तर चारही तारा एकदम गुंजतात. बोटाचे पेर लाटल्यासारखे फिरवून मागची तार सोडत जावे.

राहिला प्रश्न बॉक्समधले सूर नुसते ओळीने वरखाली वाजवत राहण्याच्या सवयीचा. त्यावरचा उपाय आपल्याच गावात आहे. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या गायकीत मेरुखंड, म्हणजे ठरावीक सुरांचे सगळे शक्य क्रम घेण्याची पद्धत, होती. चार सुरांचे २४ क्रम होतात, पाचांचे १२०. रागाच्या चलनात यातले कितीतरी क्रम बसत नाहीत. जॅझच्या सोलोत ती अडचण नाही. चार सुरांपासून सुरुवात करा. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, मात्रेला दोन सूर घेतले तर २४ क्रम ४८ सेकंदांत होतात. पाचांचे १२० क्रम पाच मिनिटे घेतात. चार मात्रांच्या बारमध्ये पाचांचे गट सतत सरकत राहतात आणि पाच बारांनी गटाची सुरुवात पुन्हा समेवर येते. तिहाई मोजणाऱ्या मुलांना हे फार लवकर जमते, म्हणून तबला शिकलेल्यांनी तर हे कराच. पुढे मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर घ्या: ५०वर लावला की लय १०० होते. पहिल्या मात्रेवरचा ठोका ऐकायची सवय सुटल्याशिवाय स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, अंगात येत नाही.

जाता जाता, लेखासोबतच्या तक्त्यात ए मायनरच्या बॉक्समध्ये दुसऱ्या तारेवर ५ आणि ७ छापले आहे. तिथे ५ आणि ८ हवे. ७वर एफ शार्प लागतो, तो डी मायनरच्या कोमल गंधाराशी थेट भांडतो. पुढच्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक गिटारशिक्षक, इंदूर