उद्धृत विधानासोबत तारीखही छापावी

नेत्यांच्या जुन्या विधानांवरून पेटणाऱ्या वादांवरचा अग्रलेख वाचला. 'मूळ भाषण तपासून पाहावे' हा त्यातील सल्ला रास्त आहे. पण तारीख आणि सभागृह ठाऊक नसेल तर वाचकाने ते शोधायचे कुठे?

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेतील चर्चा 1952 पासून उपलब्ध आहेत. सदस्याचे नाव आणि तारीख दिली की नेमकी चर्चा सापडते. नुसते वाक्य टाकून शोधले तर मात्र बहुधा हाती काही लागत नाही. जुने खंड पाने स्कॅन करून चढवलेले आहेत, त्यातला देवनागरी मजकूर संगणकाला नीट वाचता येत नाही. नावाचे इंग्रजी स्पेलिंगही निरनिराळे करून पाहावे लागते. आणखी एक अडचण अशी, की लोकसभेच्या कामकाज नियमावलीतील नियम 380 अन्वये अध्यक्षांनी वगळलेल्या शब्दांच्या जागी छापील कार्यवृत्तात फुल्या असतात, तर थेट प्रक्षेपणाच्या चित्रफितीत तेच शब्द ऐकू येऊ शकतात. म्हणजे दोन्ही बाजू आपापला 'पुरावा' दाखवू शकतात! प्रचारसभांचे तर अधिकृत कार्यवृत्तच नसते. तिथे संपूर्ण चित्रफीत आणि त्यातील मिनिट-सेकंद हाच आधार.

म्हणून वृत्तपत्रांनी कोणतेही विधान अवतरणात छापताना तारीख, सभागृह किंवा सभेचे ठिकाण आणि मूळ भाषा कंसात द्यावी. त्यासाठी एक ओळही लागत नाही. आपल्या दैनिकाने याची सुरुवात करावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे