रविवारची बैठक: विषय शून्य
मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी 7 वाजता वाचनालयाच्या ओट्यावर बैठक आहे, सगळ्यांनी या.

सुरुवात नागार्जुनापासून, म्हणजे शून्यतेवर लिहिणारा जुना बौद्ध तत्त्वज्ञ, तिबेटी परंपरा त्याले विदर्भातलाच मानते, रामटेककडं त्याच्या नावाची टेकडीबी आहे, म्हणून आपण तर वाचलाच पाहिजे. शून्यता म्हणजे काहीच नाही असं तो म्हणत नाही, हे आधी समजून घ्या. पऱ्हाटी बी, पाणी, माती, मजुरी यांच्यावर उभी असते, एकटी स्वतःच्या बळावर नाही, तसंच सगळं.

मग फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र, त्याच्या 1943 च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' ग्रंथातला कॅफेचा भाग, पिएर नावाच्या माणसाले शोधायले जातो अन् तो नसणंच सगळीकडं दिसते. हा भाग फार भारी आहे, यावर जास्त वेळ देऊ.

- नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिका ग्रंथाचं 24 वं प्रकरण वाचूनच या
- झेरॉक्स कपाटात आहे, घरी नेऊ नका
- लाइन जाते, टॉर्च आणा