ताई, या वेळी पूर्ण दर लावा

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मिरजेतल्या तुमच्या डीटीपीच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती २०१७ च्या उन्हाळ्यात, आठ महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन. 'घरबसल्या डेटा एन्ट्री'साठी अडीच हजार रुपये नोंदणी भरली होती आणि काम पाठवल्यावर 'चुका फार, करारभंग झाला, सहा हजार भरा' अशी नोटीस ईमेलवर आली होती. तिची प्रिंट काढायला आले होते. तुम्ही ती उभ्या उभ्या वाचलीत. "अगं, यावर वकिलाचं नाव नाही, पत्ता नाही. एक पैसा भरायचा नाही. काम देणारा आपल्याकडे पैसे मागत नसतो." शटर अर्धं ओढून माझ्याबरोबर पोलीस ठाण्यातही आलात. गेलेले पैसे गेलेच, पण धमक्यांचे फोन थांबले आणि मी रात्री झोपू लागले.

मग तुम्ही विचारलंत, तुला येतं काय? मराठीत बी.ए. झालेय, इंग्रजी बरं आहे, एवढंच मी म्हणाले. "मग टायपिंग कशाला विकतेस? भाषा वीक."

लग्नपत्रिकांची गर्दी नसेल त्या दुपारी तुमच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मी इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची कळमांडणी, शिकले. तुमचं स्वतःचं सगळं काम श्रीलिपी या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये, तरी माझ्यासाठी युनिकोडचा हट्ट धरलात, कारण परदेशातल्या ग्राहकाने फाइल उघडली की अक्षरं जशीच्या तशी दिसली पाहिजेत. अनुभव नव्हता, म्हणून तीन नमुने करून घेतलेत: औषधाच्या खोक्यातलं पत्रक, मिक्सरची माहितीपुस्तिका, हॉटेलची जाहिरात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. अर्जातलं 'मी कष्टाळू व प्रामाणिक आहे' हे वाक्य तुम्ही खोडलंत. ग्राहकाच्या मजकुराचं तू काय करणार ते सांग, म्हणालात.

अपवर्कवर, म्हणजे घरून करायची कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर, एकोणिसावा अर्ज लागला. पर्यटनाच्या ॲपचा मजकूर, २५ डॉलर. तेव्हाचं वीस टक्के कमिशन जाऊन २० उरणार होते. फाइल पाठवण्याआधी तुम्ही पडद्यावर बोट ठेवलंत. मी लिहिलं होतं, 'सह्याद्रीतल्या दर्या'. दर्या म्हणजे समुद्र! शिफ्ट धरून 'जे'ची कळ दाबायची, मग हलन्त, मग य. तेव्हा 'दऱ्या' होतात. आजही कुठलाही मजकूर हातावेगळा करण्याआधी मी आधी ऱ्य शोधते.

दुसऱ्या एका ग्राहकाने चाचणी म्हणून दोन हजार शब्द फुकट मागितले. मी बसलेही होते करायला. तुम्ही म्हणालात, चाचणी दोनशे शब्दांची, पुढे शब्दाला दर, आणि ग्राहकाने पैसे अपवर्ककडे आधीच जमा केल्याचं दिसेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. ते उत्तर टाइप करताना माझी बोटं थरथरत होती. तो ग्राहक गेला. पण नंतर आलेल्यांना मी तेच सांगितलं आणि त्यांतले दोघं आजही माझ्याकडे काम पाठवतात.

पण ताई, सगळ्यात मोठं ऋण तुम्ही लिहायला लावलेल्या त्या निळ्या हिशेबाच्या वहीचं. बिलाचा क्रमांक, डॉलर, त्या दिवशीचा दर, बँकेत जमा झालेले रुपये. कर बसण्याएवढी कमाई नव्हती तेव्हासुद्धा विवरणपत्र भरायला लावलंत. मला तो नसता खटाटोप वाटायचा. या वर्षी गृहकर्जासाठी गेले तेव्हा पगाराची पावती मागितली. ती माझ्याकडे कुठून असणार? तीन वर्षांची विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे पुढे ठेवले. गेल्या आठवड्यात कर्ज मंजूर झालं, माझ्या नावावर.

इतकी वर्षं तुम्ही माझ्याकडून प्रिंटचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. आता वास्तुशांतीच्या दोनशे पत्रिका तुमच्याकडेच छापायच्या आहेत. मजकूर युनिकोडमध्ये पाठवतेय, ऱ्य तपासून. बिल करा, निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि पहिली पत्रिका स्वतःसाठी बाजूला ठेवा.

तुमची,
कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरची