आईचे नाव आणि आईचा अंदाज

महोदय,
१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावण्याचा राज्य शासनाचा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र तिचे शहाणपण कोणत्याच रकान्यात मावणारे नाही. माझी आई जेमतेम चौथी शिकलेली. दर उन्हाळ्यात ती तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डबे भरी आणि मी परगावी निघालो की त्यातलीच डाळ पिशवीच्या तळाशी ठेवून, वर लोणच्याची बरणी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून देई. एरंडेल किती, असे विचारल्यास ‘अंदाजाने’ एवढेच उत्तर मिळे. तो अंदाज मी (आळसच, दुसरे काय!) कधी लिहून घेतला नाही आणि आता विचारायला ती नाही.
— एक वाचक, सातारा