दिल्लीत भेटलेल्या मंगळवेढ्याच्या मुलास

मुला,

नाव तू सांगितलं होतंस, पण नेमका त्याच वेळी हॉलमध्ये गलका झाला आणि मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायच्या आत पुढचा पॉइंट सुरू झाला. गाव मंगळवेढा, मुक्काम ओल्ड राजिंदर नगर, यूपीएससीचा अभ्यास, एवढंच हाताशी आहे. एवढ्या खुणांवर शोधायला गेलं तर आपल्या जिल्ह्यातली अर्धी पोरं सापडतील, असं माझा भाचा म्हणतो. म्हणून हे उघड पत्र. तुझ्यापर्यंत पोचलं तर छानच. तुझ्या आईपर्यंत पोचलं तर त्याहून छान, कारण निम्मे आभार तिचेच आहेत.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार. इंडिया ओपन बॅडमिंटन स्पर्धेचे उपांत्यपूर्व सामने. इकडे सोलापुरात गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची यात्रा, ऐन रंगात आलेला, आणि आम्ही बापलेक दिल्लीच्या थंडीत कुडकुडतोय. यात्रेतल्या लग्नाच्या अक्षता पडल्याशिवाय अप्पा गाव सोडत नाहीत, त्यामुळे अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी कर्नाटक एक्सप्रेस धरली. निघताना जवळच्या माणसांनी जे ऐकवलं ते आधी लिहिते, म्हणजे तू काय केलंस ते तुला कळेल. "दिसत नाही त्या माणसाला मॅच बघायला दिल्लीला नेतेस? टीव्ही लावून दे की घरी." हे म्हणणारे आमच्याच घरचे. यात्रेत जागोजागी भक्तिभावानं वाकणारे.

अप्पा शाळेत पीटीचे सर होते. मैदानावर फक्कीनं कोर्ट आखायचे, टेपचं दुसरं टोक धरायला मी. १३.४० मीटर लांब, ६.१० मीटर रुंद. हे आकडे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. पिसांचं शटल परवडायचं नाही, नायलॉनवर भागवायचं, आणि वारा सुटला की खेळ बंद. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला जिंकले, परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय, ही गोष्ट त्यांनी दर बॅचला सांगितली असेल. पुढे साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. आता त्यांना उजेड कळतो, हिरवं मॅट कळतं, त्यावर हलणारी माणसं धूसर कळतात. साडेपाच ग्रॅमच्या आतलं पांढरं शटल कुठून दिसणार?

पण खेळ त्यांच्या कानात शाबूत आहे. स्मॅशचा आवाज वेगळा, ड्राइव्हचा वेगळा. नेटजवळ अलगद टाकलेल्या ड्रॉपला आवाजच नसतो, तेव्हा समोरच्याच्या बुटांची करकर ऐकायची. अम्पायर स्कोअर पुकारतो, तो सम असला की सर्व्हिस उजव्या बाजूनं, विषम असला की डाव्या. हे सगळं ते बसल्या जागी जुळवत असतात. लोकांना हे माहीत नसतं आणि जाणून घ्यायचंही नसतं.

याआधी एका दुसऱ्या शहरात त्यांना अशीच एक स्पर्धा बघायला नेलं होतं. तिथल्या आयोजकांपैकी एकानं त्यांना आत घेतलंच नाही. दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि म्हणाला, "दिसत तर नाहीच, मग पायऱ्या कशाला चढवता? इथंही आवाज येतोय." हे तो मला सांगत होता. अप्पा शेजारी उभे होते. डोळे गेले की लोक माणसाशी बोलायचंच सोडतात; बरोबरच्याला विचारतात, "हे चहा घेतील का?" दुसऱ्या एका उत्साही गृहस्थांनी अप्पांचा व्हिडिओ काढायला घेतला, प्रेरणादायी म्हणून. वर सूचना, "आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा." मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दिल्लीतही सुरुवात तशीच झाली. गेटवर एकानं मदतीच्या नावाखाली त्यांचा दंड धरला आणि ओढतच नेलं. अप्पांची चप्पल मागे राहिली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मलाही कळतं, पण अनोळखी माणसानं न सांगता दंड धरला की अंगावर काटा येतो हे त्याला कुणी शिकवलेलं नसावं. आत जाताना मी अप्पांना हॉलचं नाव वाचून दाखवलं: के. डी. जाधव. आपले खाशाबा, कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे कांस्यपदकविजेते. अप्पा तेवढ्यावर खूश झाले. चपलेचं विसरले.

मग तू आलास. म्हणजे तू आमच्या मागच्याच रांगेत होतास. अप्पांनी स्वेटरवरून चादर लपेटली होती, तिच्यावरचे मोर बघून तू पुढं वाकून विचारलंस, "सर, सोलापूरचे का?" थेट त्यांना. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. अप्पा एकदम ताठ बसले. कुठली शाळा, कुठली बॅच, मंगळवेढ्याची ज्वारी यंदा कशी आहे, सगळं निघालं. त्यांना दिसत नाही हे तुझ्या लक्षात आलं तेव्हा तुझा आवाज हळवा झाला नाही, की वाढलाही नाही. (दिसत नसलं की ऐकूही येत नाही अशी लोकांची समजूत असते, अप्पांच्या कानाशी ओरडणारे शेकड्यानं भेटलेत.)

सिंधूच्या आधीची मॅच चालू होती. तू कॉमेंट्री सुरू केलीस, "स्मॅश मारला, आता उचलला, आता..." आणि अप्पांनी तुला शाळेतल्यासारखं थांबवलं. "ते येतंय ऐकू. पडलं कुठं ते सांग." तू सांगायला लागलास, पण "मागं डावीकडं, म्हणजे आपल्याकडून डावीकडं, त्याच्या उजवीकडं" म्हणेपर्यंत पुढची सर्व्हिस झालेली असायची. तू जरा गप्प बसलास. मग म्हणालास, "सर, तुमचा हात घेऊ का?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घेऊ का, असं विचारलंस आणि थांबलास. अप्पांनी चादरीतून हात बाहेर काढून तळवा वर करून तुझ्यापुढं धरेपर्यंत थांबलास. डोळे गेल्यापासून त्यांचा हात किती जणांनी धरला असेल: रस्ता ओलांडायला, सही करायला, रक्त काढायला. विचारून कुणी धरल्याचं मला आठवत नाही.

मग तू त्यांच्या तळव्यावर बोटानं कोर्ट आखलंस. मनगटाकडची बाजू आपली, बोटांकडची पलीकडची, मधली आडवी रेषा नेट. रॅली संपली की शटल पडलं तिथं एक टिचकी. नेटमध्ये गेलं तर त्या रेषेवरून नख. बाहेर गेलं तर तळव्याच्या कडेला हलका चिमटा. त्या मॅचच्या शेवटी तुमचं इतकं जमलं होतं की तू टेकवायचास आणि अप्पा त्याच क्षणी "अरेरे" किंवा "वा!" म्हणायचे. हॉलमधल्या बाकी लोकांच्या बरोबरीनं! काय झालं ते कुणी तरी त्यांना सांगायचं, मग मागून त्यांची दाद यायची, हीच मला सवय झाली होती. त्या दिवशी ती दाद वेळेवर होती.

सिंधू विरुद्ध ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंग. इंडोनेशियाची ती मुलगी पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आलेली. पहिला गेम ९-२१. अप्पांच्या तळव्याचा एकच अर्धा भाग टिचक्या खाऊन लाल झाला आणि ते म्हणाले, "पोरी, पाय हलव." दुसऱ्या गेमच्या आधी तू टेकवणार तेवढ्यात त्यांनीच तुझा हात अडवला, "बाजू बदलल्या. आता सिंधू बोटांकडं." २१-१९ नं तो गेम आला तेव्हा तू उडी मारलीस, पण अप्पांचा हात सोडला नाहीस, त्यामुळे तेही तुझ्याबरोबर अर्धवट उठले. तिसऱ्या गेममध्ये कुणाचे तरी अकरा झाले आणि तुझ्या लक्षात नव्हतं, अप्पा म्हणाले, "पुन्हा बदल, तिसऱ्याला अकरावर बाजू बदलतात." तू "हो सर" म्हणालास. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना असं "हो सर" ऐकायला मिळालं नव्हतं.

१७-२१. हरलो. तुझ्या बोटानं शेवटची टिचकी दिली, मग तू सगळाच तळवा हळूच मिटवून त्यांच्या मांडीवर ठेवलास. अप्पा बराच वेळ सिंधूबद्दल बोलत होते, तू ऐकत होतास. फोन तुझ्या खिशातच होता. तू फोटो काढला नाहीस, मी काढला नाही, त्यामुळे आज तुला शोधायला माझ्याकडे काही नाही, आणि तरी ते बरंच झालं असं वाटतं. मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढं केली तेव्हा मात्र तू आढेवेढे घेतले नाहीस. चटणीची पुडी नाकाशी धरून डोळे मिटलेस. घरापासून लांब राहणाऱ्या पोराला तिळगुळापेक्षा चटणी गोड लागते हे मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी तुझी टेस्ट होती. शनिवारी तुझ्या जागी मी बसले. दुहेरीत आपले सात्विक-चिराग, मलेशियाच्या गोह स्झे फेई आणि नूर इझुद्दीनसमोर. चारजण कोर्टावर, सात्विकचा स्मॅश म्हणजे कानठळ्या, आणि माझं बोट प्रत्येक वेळी एक रॅली मागे. अप्पा वैतागून म्हणाले, "तू लाइनवर उभी राहण्याच्या लायकीची नाहीस." आपली जोडी तीही हरली. रविवारी फायनलला दक्षिण कोरियाची ॲन से-यंग जिंकली, तेव्हा मात्र माझं बरं जमलं. एकेरीत जमतं. त्या मुलीच्या खेळात घाई नाही, शिकणाऱ्याला सोयीचं.

परदेशी खेळाडूंनी त्या हॉलला नावं ठेवली, आत पक्षी फिरतात म्हणाले, त्यावर इकडे बरीच गरमागरमी झाली. असतीलही पक्षी. मला त्या हॉलबद्दल कुणी विचारलं तर मी तुझं सांगते.

घरी आल्यापासून मला अशी माणसं आठवायला लागलीत, आणि ती निघतातही. चौपाडातला आमचा मेडिकलवाला रात्रीच्या गोळ्यांच्या पाकिटाचा एक कोपरा कात्रीनं कापून देतो, म्हणजे अप्पांना हातानं चाचपून सकाळची कुठली नि रात्रीची कुठली ते कळतं. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. सिटी बसचा एक कंडक्टर अप्पा चढले की प्रत्येक स्टॉपचं नाव मोठ्यानं पुकारतो, सगळ्या बसला पुकारल्यासारखं, त्यांना एकट्याला नाही. ह्या माणसांचा कुठं सत्कार होत नाही आणि झाला तर ती संकोचतील. आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवाले ते आयोजक गळ्यात हार घालून स्टेजवर असतात, त्याला आपण काय करणार?

तू साहेब होशील की नाही मला माहीत नाही, ते तुझ्या अभ्यासावर आणि त्या परीक्षेच्या लहरीवर. झालास तर कार्यालयात कुणी म्हातारा काठी टेकत येईल तेव्हा त्याच्या मुलीशी न बोलता त्याच्याशी बोलशील, एवढी माझी खात्री आहे. नाही झालास तरी बोलशील.

रथसप्तमीही झाली, तरी अप्पांनी तुझ्या वाटणीचा तिळगूळ डब्यात बाजूला काढून ठेवलाय आणि मला हात लावू देत नाहीत. शेजारच्या पोरांना त्यांनी तळव्याचं कोर्ट शिकवलंय. टीव्हीवर मॅच लागली की त्यातला एक जण हजर असतो, आणि चूक केली की "मंगळवेढ्याच्या पोराला बघ" असं ऐकून घेतो.

गावी आलास की सोलापूरला उतर. शाळेचं नाव तुला सांगितलंय, तिथं कुणालाही बॅडमिंटनच्या सरांचं घर विचार. येताना एका गोष्टीचा मात्र विचार करून ये. सिंधूच्या आधीच्या मॅचमध्ये मागच्या रेषेवर एक शटल पडलं होतं, तू आत म्हणून टिचकी दिलीस आणि लाइनमननं बाहेर दिलं. अप्पा अजून म्हणतात, पोराचं बरोबर होतं. मी म्हणते लाइनमनचं. निकाल लागायचाय.

तुझी,
सरांची मुलगी
सोलापूर