कव्हर घातलेली गाडी

सोलापूर,
रविवार, 30 नोव्हेंबर 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

10 नोव्हेंबरला दिल्लीत स्फोट झाला, त्या सोमवारी रात्री तुझा फोन लागेपर्यंत आईने देवापुढचा दिवा विझू दिला नाही. तू रोज लाल किल्ल्याच्या बाजूनेच घरी जातोस, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तुझा आवाज ऐकला आणि मग ती जेवली.

फोनवर तू विचारलंस, "सोलापुरात काय बोलायलेत बे लोक?" मी विषय बदलला. कारण आज लिहितो.

तिकडे मेट्रो स्थानकाजवळ गाडी फुटली ती सातच्या सुमारास. मी आठ वाजता पार्क चौकात चहाला थांबलो, तर तिथे सगळं ठरून गेलेलं. एक म्हणाला सीएनजीची टाकी फुटली. दुसरा म्हणाला, उद्या बिहारात मतदान आहे, समजून घ्या. तिसऱ्याने सरळ एका समाजाचं नाव घेतलं. थोड्या वेळाने मोबाइलवर गाडीमालकाचं नावही फिरू लागलं. कागदावर ते नाव खरंच होतं, पण त्या माणसाने गाडी कधीच विकली होती आणि ती पुढे या हातातून त्या हातात गेली होती. हे कळायला वेळ लागला. तोवर त्याचं नाव देशभर होऊन गेलं.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगतो.

विजापूर वेशीतले आपले मिस्त्री चाचा आठवतात ना? तुझी लुना तेच चालू करून द्यायचे. माझी जुनी मारुती मी 2019 साली त्यांना दिली. पैसे घेतले, चावी दिली, नाव बदलायचं "करू सवडीने" म्हणून राहिलं ते राहिलंच. गाडी पुण्यात घेतलेली, म्हणून नंबर पुण्याचा. नवरात्रापासून ती गॅरेजसमोर कव्हर घालून उभी होती.

मंगळवारी रात्री कुणीतरी तिचा फोटो ग्रुपवर टाकला. "दीड महिना हललेली नाही. गाडी कुणाची?" एवढंच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असेल असं मला अजूनही वाटत नाही. पण माझ्यापर्यंत फोटो आला तोपर्यंत नंबरभोवती लाल गोल काढलेला आणि खाली ओळ होती, "मालक बाहेरगावचा, गॅरेजवाला कोण ते बघा." बाहेरगावचा मालक म्हणजे मी.

तेव्हा नऊ वाजले होते. गाडी मी बघताक्षणी ओळखली. "ही माझी जुनी गाडी, चाचांना मी विकली आहे," एवढी एक ओळ लिहायची होती. मी लिहिली नाही. त्या रात्री त्या गाडीशेजारी आपलं नाव लावायची मला भीती वाटली. दोन तास मोबाइल हातात धरून बसलो. अकराला पोलिसांचा फोन आला, तेव्हा उठलो.

पोचलो तर रस्त्यावर पन्नासेक माणसं, सगळ्यांचे मोबाइल वर. चाचांनी कव्हर काढलं, बॉनेट उघडलं. आत इंजिनच नव्हतं, ते गॅरेजमध्ये बाकावर खोलून ठेवलेलं. पोलीस नीट वागले, लिहून घेतलं आणि गेले. गर्दी मात्र हलेना. चाचा शटर ओढता ओढता मला म्हणाले, "पुलिसवाले पूछे, चले गए. जो पूछेच नहीं, उनका क्या करना बेटा?" मी नऊपासून घरी होतो हे त्यांना अजून माहीत नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय.

त्यानंतर झोप येईना, म्हणून जुनी प्रकरणं वाचत बसलो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत 19 एप्रिल 1995 ला सरकारी इमारतीसमोर भाड्याचा ट्रक फुटला. 168 माणसं गेली, त्यांत 19 लेकरं. दोन दिवस सगळ्यांचं बोट अरब माणसांकडे. जॉर्डनहून येऊन अमेरिकेचा नागरिक झालेल्या एका प्रवाशाला तर लंडनहून परत आणलं. आणि खरा गुन्हेगार, टिमोथी मॅकव्हे, त्यांच्याच सैन्यातला माजी सैनिक, स्फोटानंतर दीडेक तासातच गाडीला नंबरप्लेट नाही म्हणून हायवेवर पकडला जाऊन तुरुंगात बसलेला. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवरच्या नंबरावरून पोलीस भाड्याच्या दुकानापर्यंत गेले. तिथल्या आठवणींवरून दोन चित्रं काढली. एक मॅकव्हेचं. दुसऱ्या माणसाला लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले, आणि तपासात तो निघाला एक निर्दोष सैनिक, दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात आलेला. साक्षीदार खोटं बोलला नव्हता रे. त्याच्या डोक्यात दोन दिवस एकमेकांत मिसळले होते.

लांब कशाला, मालेगाव घे. आपल्यासारखंच यंत्रमागांचं गाव. 8 सप्टेंबर 2006 ला तिथे सायकलींवरचे बॉम्ब फुटले, शुक्रवारच्या नमाजाला आलेली माणसं गेली. पकडले तेही मुसलमानच, बहुतेक त्याच गावचे. पाच वर्षं आत, आणि 2016 साली दोषमुक्त. 2008 चा मोटारसायकलचा स्फोट, सहा मृत. यंदा 31 जुलैला सातही आरोपी सुटले. सतरा वर्षांनी त्या सहा घरांना कुणी केलं हे सांगणारं कुणी नाही. अंदाज मात्र आजही कुणालाही विचार, तयार असतो.

तू म्हणशील, दिल्लीत तर तिसऱ्याचा अंदाज बरोबर निघाला की. हो. चालवणारा काश्मीरचा डॉक्टर होता, डीएनए जुळला. त्याने जे केलं त्याला माफी नाही. पण पार्क चौकातल्या त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. तो दर वेळी तेच नाव घेतो. आणि ते नाव त्या डॉक्टरपर्यंत पोचत नाही, मिस्त्री चाचांच्या गॅरेजपर्यंत पोचतं.

1993 आठवतंय? 12 मार्चला मुंबईत बारा स्फोट झाले. शरद पवारांनी दूरदर्शनवर तेरा सांगितले, मशीद बंदरचा एक जास्तीचा. जानेवारीची दंगल ताजी होती, ती पुन्हा भडकू नये म्हणून मुद्दाम. पुढे त्यांनी स्वतःच ते सांगितलं. बाबा म्हणायचे, एका खोट्याने किती जीव वाचले असतील. मी भांडायचो, सरकारने खोटं का बोलावं? माझं मन अजून दोन्हीकडे जातं. पण त्या स्फोटांचा माग लागला तो वरळीला बेवारस सोडलेल्या मारुती व्हॅनच्या कागदांवरून, पोलीस टायगर मेमनच्या घरी पोचले ते त्यामुळे. म्हणजे गाडी कुणाची हे विचारायलाच हवं, हेही मला कळतं. फक्त विचारणाऱ्याने उत्तर येईपर्यंत थांबायला हवं. आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्याने घरी बसू नये.

चाचांनी आता गॅरेजसमोरच्या सगळ्याच गाड्यांची कव्हरं काढलीत. नुसती धूळ बसते. पोरगा रोज सकाळी फडक्याने पुसत असतो.

फॉर्म 29 आणि 30 भरून ठेवलेत. उद्या चाचांना घेऊन आरटीओत जाणार आहे. जाताना वाटेत ते नऊ वाजल्याचं त्यांना सांगायचं आहे, कसं सुरू करावं सुचत नाही. तुला सुचलं तर सकाळी दहाच्या आत फोन कर.

गड्ड्याच्या जत्रेला ये. आई वाट बघते.

तुझाच,
मित्र